बायकांच्या वॉर्डांतील किटलीच्या स्वारीची हकीकत

श्रीकृपेंकरून रुग्णांस आराम पडो आणि सिस्टरांस घटकाभर बसावयास मिळो. शके एकोणीसशें पंचेचाळीस, शोभननाम संवत्सरीं, एका राज्यांत इस्पितळाचे पोटीं बायकांचा वॉर्ड म्हणोन बळकट गड होता. गडाच्या इन्चार्ज कुंदाताई खरात. मन मेणाहून मऊ, आवाज मात्र नौबतीचा. गडाची चाल ऐशी कीं, पाळी बदलतां जाणाऱ्या सिस्टरांनीं येणाऱ्यांस टेबलाशीं चहा घेत ‘ओव्हर’ द्यावी, म्हणजे रुग्णांची खबर सांगावी, आणि "सगळं ओके" म्हणोन पर्स उचलावी. खाटांकडे कोणी फिरकों नये. मग कोपऱ्यांतील भागूबाई, अर्धांगानें पडलेल्या, यांस कोणीच कुशीवर वळविलें नाहीं आणि पाठीस जखम जाहली. मेट्रनबाईसाहेबांनीं फर्माविलें, "कुंदा, आणखी एक पाठ अशी दिसली तर वॉर्ड सोडायचा आणि कपड्यांच्या स्टोअरला बसायचं."

ताई व्याकुळ जाहल्या. भय स्टोअरचें नव्हे, भागूबाई "लेकी, तू हायस ना?" म्हणोन हात धरीत, तो हात सोडवेना. मग ताईंनीं परिवर्तनशास्त्राचा ग्रंथ काढिला. वचन ऐसें कीं, गोठलेली चाल आधीं वितळवावी, मग वळवावी, मग नवी गोठवावी. ताईंनीं या वचनाचा तक्ता भिंतीस लाविला, भाषण केलें. वडीलधाऱ्या रोझलिनबाई साळवे वदल्या, "कुंदे, गोठलेत ते माझे गुडघे. ते वितळव आधी!" दरबारीं हशा पिकला आणि तक्ता पंख्याच्या वाऱ्यानें जमिनीवर आला.

ताईंनीं ग्रंथ पुन्हा वाचिला. तेथें होतें कीं, पुढें ढकलण्यास जोर लावूं नये, मागें धरणारा जोर शोधोन ढिला करावा. आणि उमगलें, धरणारा जोर तो चहा! दुसरे दिवशीं किटलीनें टेबल सोडोन शेवटच्या खाटेपलीकडे खिडकींत मुक्काम केला, आणि रोझलिनबाईंच्या गुडघ्यांखातर चाकांचें स्टूल सजलें. हुकूम एकच: "खाटेखाटेला थांबून ओव्हर, मग चहा."

रोझलिनबाई फौजेसह कुरकुरत निघाल्या. कोपऱ्यांत येवोन "भागूबाई, सगळं ओके" म्हणतात, तों खाटेवरोन आवाज आला, "कसलं ओके गं बाई? पाठ जळतीया माझी!" रोझलिनबाईंनीं चादर चाचपली; ओली. "अगं देवा, आणि मी टेबलावरून ओके म्हणत होते!" मग चादर बदलली, भागूबाई कुशीवर वळल्या आणि चहा निवोन गेला, त्याची कोणी तक्रार केली नाहीं. वितळणें तें हेंच. तेथोन रोज खाटांवरोन स्वारी चालली आणि जखम भरोन आली.

पुढें ताई भाचीच्या लग्नास गेल्या असतां मेट्रनबाईसाहेब अकस्मात चालोन आल्या. टेबल ओस! "कुंदा नाही म्हणून पळाल्या वाटतं सगळ्या?" तों स्टुलावरोन गर्जना जाहली, "इकडं या, मेट्रनबाई! पण चहा लगेच नाही हं, आमच्यात आधी पाठी बघतात." बाईसाहेबांनीं एकामागोन एक पाठ पाहिली, जखम एकही न मिळे. नवी चाल गोठली, तीही ताई गडावर नसतां! बाईसाहेबांनीं मग चहा घेतला, आणि दुसरा कप मागोन घेतला.

सारांश, किटली हलली, पाठी बचावल्या, स्टोअरची खुर्ची रिकामीच राहिली. ताई परतल्या तेव्हां भागूबाई म्हणाल्या, "आलीस व्हय? तुझ्यावाचून अडलं न्हाई हो काही." ऐसी फत्ते जाहली.