भानूनानांचा न उडणारा बार

माझी मोटारसायकल पारापाशी बंद पडली, की माझ्याआधी भानूनाना तिच्यापाशी पोचतात. टाकीला कान लावतात, डोळे मिटतात आणि निदान सांगतात, "बार हाय, वाट न्हाई." गाडीत पेट्रोल नाही हे मला माहीत असतं, पण नानांना कोण सांगणार? सरपंच भाषणात अडखळला तरी हेच, शेजारच्या म्हातारीला ठसका लागला तरी हेच. आत माल भरपूर आहे, ठिणगी तेवढी पोचत नाही, असं नानांचं म्हणणं.

हे शहाणपण त्यांना घरातल्या बंदुकीनं शिकवलं. ठासणीची बंदूक, वाडवडलांपासूनची, पीक राखायचा रीतसर परवाना असलेली. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, गजानं ठासायची, मागच्या बारक्या बोंडीवर तांब्याची टोपी बसवायची. घोडा टोपीवर आपटला की ठिणगी बोंडीच्या भोकातून आत जाते आणि बार उडतो. म्हणजे इतरांचा उडतो. नानांचा नुसता खट वाजतो. पाथर्डी तालुक्यातल्या आमच्या या गावात मी पंचवीस वर्षं विहिरीवरच्या जळक्या मोटारींत नवी तार भरून देतोय. बिघाड कशाला म्हणतात ते मला कळतं. पण आपल्या बिघाडाचे एवढे लाड करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

खट झालं की कुणी हलायचं नाही. नळी आभाळाकडं धरून नाना मोठ्यानं साठपर्यंत मोजतात. "उशिरा बी सुटतो. घाई करनारी मानसं अशीच गेली." एवढं मात्र त्यांचं बरोबर आहे, मान्य करतो. त्यानंतर पंचनामा सुरू होतो. टोपी सर्दावली. दारूला पावसाळी हवा लागली. घोड्याची कमान थकली. दर दिवाळीनंतर एसटीनं नगरला जाऊन नाना नवी बोंडी आणायचे आणि पारावर सगळ्यांना दाखवायचे. पुढच्या वेळी पुन्हा खट. एकदा भल्या पहाटे त्यांच्या हरभऱ्यात मी रानडुकरं पाहिली. नाना बांधावर उभे, घोडा पडला, खट झालं. एका डुकरानं मान वर करून पाहिलं आणि परत खायला लागलं. डुकरांनासुद्धा हिशेब कळला होता, फक्त नानांना कळत नव्हता.

बरं, हे घरापुरतं असतं तर कोण बोललं असतं? पण आमच्या भैरोबाची पालखी जत्रेला देवळातून निघते, तेव्हा सलामीचा बार उडवायचा मान नानांच्या घराचा. छर्रे घालायचे नाहीत, नुसती दारू. पालखी खांद्यावर चढलेली, नानांचा धाकटा भाऊ शिवराम सगळ्यांत पुढं खांदा देऊन उभा, ढोल थांबलेले, आणि नानांचं आपलं चाललंय, "सत्तावीस, अठ्ठावीस." शेवटी तरुण मंडळवाले मागून सुतळी बॉम्ब लावायचे, तेव्हा पालखी हलायची.

यंदा गावकीनं स्पष्टच सांगितलं, "नाना, या जत्रंला बार उडला न्हाई तर मान सोडा. मंडळाचे फटाके हायेत."

दुसऱ्या दिवशी नाना गोणपाटात बंदूक गुंडाळून माझ्या दुकानात आले. दोन वर्षांपूर्वी नानी वारल्या, तेव्हापासून माणूस तसा खंगलाच होता. त्या दिवशी तर निदानही सांगेनात. "मिस्त्री, पंजोबापासनं चालत आलेला मान हाय. माझ्या हातनं जायला नगं," एवढंच म्हणाले.

मी बोंडी फिरवून काढली आणि कपाळावर हात मारला. आत तेल. त्यात दारू भिजून काळा चिखल झालेला.

"नाना, बंदुकीला तेल पाजता काय? वरनं ओतायचं आणि तोंड वर करून कोपऱ्यात उभी करायची. ते तेल उतरून नेमकं ठिणगीच्या वाटेवर बसतं. शेंबड्या पोराला कळंल हे."

"असंल," नाना जमिनीकडं बघत म्हणाले.

कढत पाण्यानं नळी धुतली, फडकं फिरवून वाळवली. रिकाम्या नळीचं तोंड गवताच्या काडीशी धरलं आणि नुसती टोपी फोडली. काडी हलली. म्हणजे वाट मोकळी. "आता जत्रेपर्यंत हिला तेलाचा थेंब दाखवायचा नाही," मी बजावलं. नाना "व्हय" म्हणाले. मग मी गावभर सांगत सुटलो की यंदा बार उडणार म्हणजे उडणार.

जत्रा शनिवारी आली. पालखी खांद्यावर चढली. नानांनी नळी वर केली, घोडा सोडला. खट. ते साठपर्यंत मोजत होते तोवर गावानं आधी त्यांच्याकडं पाहिलं आणि मग माझ्याकडं. सुतळी बॉम्ब वाजला, मानाचा नारळ मंडळाच्या हातात गेला आणि पालखी निघाली.

मी तरातरा नानांच्या मागं त्यांच्या ओसरीवर गेलो. बंदूक घेतली, बोंडी काढली. ताजं गोडं तेल.

"अक्कल गहाण ठेवली होती काय, नाना? गावात माझी शोभा झाली, तुमचा मान गेला."

नाना खाली बसले. "तू साळंत हुतास तवा. बांधावरनं माझं आन् शिवरामचं भांडान झालं. मी ह्यीच बंदूक भरून त्याच्या छातीला लावली. घोडा सोडला. टोपी सर्द हुती, म्हनून बार उडला न्हाई."

भांडण गावाला माहीत होतं. हे माहीत नव्हतं.

"तुझी नानी बघत हुती. फुडच्या शनवारी शिंगनापूरला गेली, शनिदेवाला तेल वाह्यलं, उरलेलं घरी आनलं. तवापासनं दर शनवारी मी रानात गेलो की नळीत चमचाभर तेल सोडायची. मला कळू नगं म्हनून वरनं पुसायची बी."

"मग तुम्हाला कधी कळलं?"

"पैल्याच शनवारी. वास येत न्हाई व्हय?"

म्हणजे ती थकलेली कमान, ती पावसाळी दारू, ती दर वर्षीची नगरची खेप. "मग त्या नव्या बोंड्या कशाला आणायचा?"

"न्हाई आनल्या तर तिला कळलं असतं, ह्याला ठावं हाय म्हनून. मग तिला झोप आली नसती."

"पण नानी जाऊन दोन वर्षं झाली, नाना."

"ती गेल्यापासनं मीच सोडतो. आज कोरडीच घेऊन निघालो हुतो, तुझी शपथ. उंबऱ्यातनं माघारी फिरलो, चमचाभर सोडलं. शिवराम पालखीला म्होरं असतो. तिनं कधी त्याच्यासमोर ही बंदूक कोरडी जाऊ दिली न्हाई." नानांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "मान गेला, लई वाईट वाटतंय. पर तिचा शनवार मोडाया हात धजला न्हाई, मिस्त्री."

मला माझ्या तोंडाची लाज वाटली. बोंडी अजून माझ्या हातातच होती. ती पुसली नाही, तशीच तेलकट परत बसवली.