भूपेशला सा सापडेना

"सरळ वाजव. मी का म्हणून राहिली, ऐकू येते ना? सरळ!" मंदिराच्या पायरीवर चपला काढता काढता ऋतुजा भूपेशला म्हणाली. "बाबांनी मधातला तुकडा तुले दिला हाय. त्यात आपलं डोकं चालवू नको."

"नाही चालवत ना वं," भूपेश म्हणाला आणि त्याने खांद्यावरची गिटार सावरली. डोकं चालवणार नाही असं माणूस जेव्हा इतक्या घाईने सांगतो, तेव्हा ते आधीच चालू झालेलं असतं. पण ऋतुजाला ते त्या क्षणी लक्षात आलं नाही.

भूपेश पौनीकर उमरेड रोडवरच्या एका ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये सर्व्हिसिंगचं काम पाहतो. आजोबांनी जन्मभर हातमागावर लुगडी विणली, वडिलांनी धाग्याचं दुकान चालवलं आणि भूपेशने तारा धरल्या. ऋतुजाची आणि त्याची ओळख धरमपेठेतल्या गिटारच्या क्लासमध्ये झाली. चार महिन्यांत ऋतुजाने क्लास सोडला, भूपेशला मात्र सोडलं नाही. आता दोन वर्षांनी गोष्ट तिच्या वडिलांपर्यंत पोचली होती आणि खरी अडचण तिथेच होती.

ऋतुजाचे वडील गुलाबचंद खापेकर पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. कॉलनीतल्या दत्तमंदिराच्या भजनी मंडळाचे अध्यक्ष तेच, पेटीवादक तेच आणि मुख्य गायकही तेच. माणूस पारखायची त्यांची एकच रीत होती. ते जात, शिक्षण, नोकरी वगैरे विचारून घेत, मान हलवत आणि मग म्हणत, "गुरुवारी भजनाले येजो." ऋतुजासाठी आलेला पहिला मुलगा टाळी उलटीकडून वाजवत होता. "ज्याले टाळी सांभाळता येत नाही, तो संसार का सांभाळन?" असं म्हणून त्याला नारळ दिला. दुसरा डोळे मिटून तल्लीन झाला, पण नंतर घोरायला लागला. भूपेश तिसरा. आज जमलं तर रविवारी साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, नाही जमलं तर शनिवारी भंडाऱ्याहून चौथा मुलगा पाहायला येणार होता.

एवढं सगळं माहीत असताना भूपेशने सरळ वाजवायला हवं होतं. पण त्याच आठवड्यात त्याला इंटरनेटवर होल टोन स्केल सापडली होती. प्रकार साधाच. सा, रे, ग, तीव्र मध्यम, कोमल धैवत आणि कोमल निषाद, असे सहाच स्वर. प्रत्येक स्वर आधीच्यापासून पुरत्या एका पावलावर. पंचम नाहीच. जिन्याच्या सगळ्या पायऱ्या अगदी सारख्या, पण मजला कुठला ते कळू नये, तसं. कुठल्याही स्वरावर थांबा, घरी आल्यासारखं वाटत नाही. व्हिडिओतल्या परदेशी मास्तराने बजावून सांगितलं होतं की ही चिमूटभर वापरायची आणि लगेच घरी उतरायचं. उतरायचं कसं ते दुसऱ्या भागात होतं. भूपेश पहिल्या भागानेच इतका हरखला, की दुसरा भाग पाहायचा राहूनच गेला.

भजन सुरू झालं. गुलाबचंद पेटीवर, श्रीधर ढोलकीवर, आणि समोर सतरंजीवर साठेक माणसं. बायकांच्या पहिल्या रांगेत गुलाबचंदांच्या पत्नी तुळजाबाई हातात टाळ घेऊन बसलेल्या. भूपेश शहाण्या मुलासारखा साथ करत होता. गुलाबचंदांनी एकदा तर त्याच्याकडे पाहून भुवया उंचावल्या, आणि त्यांच्या भुवया आनंदाशिवाय वर जात नाहीत हे सगळ्या कॉलनीला माहीत होतं. मग मधला तुकडा आला.

"हं, पौनीकर, येऊ द्या!" गुलाबचंद म्हणाले.

भूपेशने सुरुवात सरळच केली. पहिल्या चार मात्रा तर इतक्या गोड, की ढोलकीवाल्या श्रीधरच्या तोंडून "वा!" निघून गेलं. सगळा घात त्या "वा"ने केला. कौतुक ऐकलं की कलावंताला आजवरच्या सगळ्या शपथांचा विसर पडतो. भूपेशने डोळे मिटले आणि त्या सारख्या पायऱ्यांवरून तो वर चढत गेला.

सतरंजीवर बसलेल्यांना आधी काय झालं तेच कळलं नाही. कोणीतरी खालून जमीन काढून घेतल्यागत वाटून दोघातिघांनी हात टेकले. एक आजोबा चष्मा पुसू लागले. भूपेश वर पोचला, वरच्या सा वर क्षणभर थांबला आणि तिथूनच खरा गोंधळ झाला.

त्या मंदिरात अशी पद्धत होती, की भजन सा वर येऊन टेकलं म्हणजे नत्थूने घंटा द्यायची, बायांनी उठून उभं राहायचं आणि शोभाताईंनी कापूर लावायचा. घंटेचा दोर धरून नत्थू गेली बावीस वर्षं उभा होता, आणि बावीस वर्षांत त्याला कधी विचार करावा लागला नव्हता. सा आला म्हणून त्याने दोर ओढायला घेतला. बाया अर्ध्या उठल्या. पण भजन संपल्यासारखं वाटेचना. नत्थूने दोर सोडला, बाया खाली बसल्या. भूपेश खाली आला, खालच्या सा वर थांबला. नत्थूने दोर धरला, बाया उठल्या. तोही सा लोंबकळतच राहिला. बाया पुन्हा बसल्या. तिसऱ्या वेळी शोभाताईंच्या हातातली काडी बोटापर्यंत जळत आली आणि त्या "अगं आई गं!" म्हणून ओरडल्या.

"पंचम कुठं गेला?" गुलाबचंद पेटीच्या पट्ट्या चाचपत दातओठ खाऊन म्हणाले.

"यात पंचम नसते, काकाजी," भूपेश कुजबुजला. आता त्याचेही डोळे उघडले होते.

"नसते? अबे मंग भजन टेकन कशावर? उतर खाली!"

"उतरूनच राहिलो ना, काकाजी! पण खालीबी थेच हाय!"

भूपेशला दरदरून घाम फुटला. सा वाजवला तर तो सा वाटेना, रे वाजवला तर तोही तितकाच परका. मागच्या रांगेतून ऋतुजा दोन्ही हातांनी 'खाली, खाली' अशा खुणा करत होती. त्या पाहून, मंदिर खाली करायला सांगते आहे असं समजून, मागचे चार जण उठून निघायच्या बेतात आले. आपलं लग्न आपल्याच सहा तारांवर लटकलेलं भूपेशला स्पष्ट दिसत होतं, आणि तेवढ्यात टाळ खणखणत जमिनीवर पडले.

तुळजाबाई डुलत होत्या. आधी मान, मग खांदे, मग कमरेपासून सगळं अंग गोल गोल फिरायला लागलं.

"माय वं! अंगात आलं!" शोभाताईंनी जळलेलं बोट तोंडातून काढून आरोळी ठोकली.

"काही अंगात-फिंगात नाही," गुलाबचंद म्हणाले. "पित्त हाय तिले. पाणी द्या."

तुळजाबाईंनी हात वर केला, बोट थेट नवऱ्यावर रोखलं आणि मंदिर दणाणेल अशा आवाजात म्हणाल्या, "गुलाब्या!"

चौतीस वर्षांच्या संसारात तुळजाबाईंनी नवऱ्याचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. लग्नात उखाणा घ्यायला लावला तर पदर तोंडात कोंबून रडल्या होत्या. मतदार यादी करणाऱ्या माणसाने नवऱ्याचं नाव विचारलं, तेव्हा त्यांनी गुलाबाच्या कुंडीकडे बोट दाखवलं होतं. त्या तुळजाबाई भरसभेत 'गुलाब्या' म्हणतील हे शक्यच नव्हतं. म्हणजे हे बोलणारं कोणी दुसरंच होतं, याबद्दल कोणाच्याच मनात शंका उरली नाही. गुलाबचंदांचे पेटीवरचे दोन्ही हात आपोआप जोडले गेले.

भूपेशची बोटं भीतीने थांबली.

"थांबवू नको गा!" शोभाताई किंचाळल्या. "त्याच सुरावर आली हाय माय! मधातच थांबवलं तर कोप होईन!"

झालं. आता उतरायचं कसं हा प्रश्नच मिटला, कारण उतरायला बंदी झाली. भूपेश त्याच सहा पायऱ्या चढू-उतरू लागला. बायांनी हळदकुंकू आणलं, तुळजाबाईंचा मळवट भरला, उरलेलं भूपेशच्या कपाळाला लावलं आणि चिमूटभर गिटारलाही लावलं. नत्थू घंटेचा दोर सोडून साष्टांग पडला होता.

"माय, आमचं का चुकलं?" गुलाबचंदांनी थरथरत्या आवाजात विचारलं.

"पेटी!"

"पेटी का माय?"

"पहाटे पाच वाजता घरात पेटी कोण वाजवते?"

"मी, माय. रियाज करतो. तुहीच सेवा हाय ते."

"चौतीस वर्षं झाले!" तुळजाबाई गरजल्या. "देवालेबी झोप लागते का नाही? माळ्यावर टाक थे पेटी!"

साठ माणसांनी एकदम श्वास आत घेतला. गुलाबचंदांनी पेटीकडे असं पाहिलं, की ढोलकीवाल्या श्रीधरला भडभडून आलं. पण देवीपुढे कोणाचं चालतं? "टाकतो, माय," ते म्हणाले.

ऋतुजा मोठी हुशार पोरगी. ती बायांमधून वाट काढत पुढे आली, पदर नव्हता म्हणून ओढणी डोक्यावर घेतली आणि हात जोडून म्हणाली, "माय, अन् माह्या लग्नाचं?"

"कोनाशी?"

"हा... हा गिटारवाला."

सगळ्यांच्या माना भूपेशकडे वळल्या. तुळजाबाईंचं डुलणं जरा मंदावलं. त्यांनी भूपेशकडे टक लावून पाहिलं. भूपेशचे हात चालूच होते.

"देऊन टाक," तुळजाबाई म्हणाल्या.

"पण माय," गुलाबचंद कळवळून म्हणाले, "ह्या पोराले सा सापडत नाही!"

"तुले चौतीस वर्षं सापडला. का उपेग झाला? रविवारी साक्षगंध कर! अन् भंडाऱ्यावाल्याले फोन करून सांग, येऊ नको म्हणा!"

हे ऐकून भूपेशने चमकून ऋतुजाकडे पाहिलं. घामाने बोट एक पडदा पुढे घसरलं आणि तीव्र मध्यमाच्या जागी लख्ख पंचम वाजला. पंचम कानावर पडताच बोटं जुन्या सवयीने थेट सा वर आली. या वेळी तो सा खरोखरच सा होता. सगळ्यांनी एकदम "हुश्श" केलं, नत्थूने उठून धाडकन घंटा दिली, बाया उभ्या राहिल्या, कापूर पेटला. तुळजाबाई शोभाताईंच्या खांद्यावर कोसळल्या, पाणी प्याल्या आणि बारीक आवाजात म्हणाल्या, "का झालं वं? सगळे काहून पाहून राहिले माह्याकडं?"

आरतीनंतर मंदिरामागच्या ओट्यावर प्रसादाचं वाटप होतं. गुलाबचंद आत बसून पेटी जुन्या चादरीत गुंडाळत होते. तुळजाबाई कपाळाचा मळवट तसाच ठेवून शिरा वाढत होत्या. भूपेश द्रोण पुढे करून उभा राहिला. लग्न ठरल्याचा आनंद व्हायला हवा होता, पण आपण कसल्या सुरांशी खेळलो या विचाराने तो पार हादरून गेला होता.

"काकू, माफ करजा," तो म्हणाला. "तुमाले फार तरास झाला माह्यामुळं. देवाशपथ सांगतो, ते सूर आता जन्मात वाजवणार नाही."

तुळजाबाईंनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं.

"पहिले चक्कर खरीच आली मले," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "कसलं अभद्र वाजवून राहिला होता गा तू! मंग जरा डोळे उघडले, तर सगळे हात जोडून माह्याच तोंडाकडं पाहून राहिले. तुहे काकाजीबी. म्हटलं, असा टाइम पुन्हा कवा येईन?"

भूपेशच्या हातातला द्रोण कलंडला. "म्हणजे काकू, ते अंगात... ते गुलाब..."

"हळू बोल." तुळजाबाईंनी त्याचा द्रोण सरळ केला आणि त्यात आणखी एक मोठा चमचा शिरा वाढला. "रविवारी साक्षगंधाले गिटार घेऊन येजो, जावाई. अन् थेच वाजवजो."

"थेच? काहून?"

"अजून चार-पाच गोष्टी सांगाच्या राहिल्या हायेत मले."