हाव हाव, आलोच!

शिकवायला मला कुणीही द्या! पाढ्यांना भिणारं पोरगं द्या, 'श' आणि 'ष' यांच्यात अडकून बसलेली पोरगी द्या, मी कधी चिडलो नाही की कंटाळलो नाही. मग एका फोनला शिकवणं म्हणजे काय अवघड!

हा नवा स्मार्टफोन माझ्या मुलीनं, पुनमनं, घेऊन दिला. फोन छान, पण वेळ साधण्यात भलता हुशार! मी निवृत्त मास्तर. नांदेडला आमच्या गल्लीतली पोरं रविवारी सकाळी अंगणात जमवतो आणि गणित शिकवतो. भागाकार संपत आला, मी विचारलं, "बाकी काय उरलं?" की फोन वाजलाच! पोरं एका सुरात ओरडतात, "फोन!"

म्हणून मी व्हॉइसमेल बसवायचं ठरवलं. आपण गुंतलेले असलो की फोन स्वतःच उचलतो, आपल्या आवाजात बोलतो आणि उचलल्या क्षणापासून समोरच्याचं म्हणणं साठवून ठेवतो. पुनम म्हणाली, "अण्णा, मी करून देते." मी म्हणालो, "पोरी, तुला बाराखडी कुणी शिकवली?"

बटणं दाबून, घसा साफ करून मी खणखणीत आवाजात सुरुवात केली, "नमस्कार! मी सध्या नाही..."

"शुभ बोला जरा!" स्वयंपाकघरातून आमची तारामती लाटण्यासकट बाहेर आली. "तांदूळ संपले तरी आपण 'वाढले' म्हणतो. घरातून निघताना 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणतो. अन् तुम्ही साऱ्या जगाला 'मी नाही, मी नाही' सांगून राहिले? तेही आज पाहुणे येणार असताना!"

पाहुणे म्हणजे लातूरचे बजरंगराव. त्यांचा मुलगा भारत पुनमला बघायला दुपारी येणार होता. पोरगा गुणी, नोकरीला, पुनमलाही फोटो आवडलेला. अडचण एकच, बजरंगराव शब्दाचे भारी पक्के. मागचं एक स्थळ त्यांनी मुलीचा बाप उशिरा पोचला एवढ्यावरून मोडलं होतं! बसस्टँडवर उतरलो की फोन करू, घ्यायला या, असं आमचं ठरलं होतं.

बायकोचं म्हणणं मला पटलं. 'नाही'च्या जागी आपलं 'हाव', म्हणजे 'हो', घालून मी नवं, शुभ वाक्य भरलं, "नमस्कार, गुरुजी बोलतोय. हाव, हाव, आलोच! तोवर काय ते सांगून ठेवा."

फोनचा आवाज बंद करून मी तो खिडकीत ठेवला. काय सांगू, इतका शांत भागाकार मी आयुष्यात शिकवला नव्हता! मध्येच पुनम घाईनं स्कूटी काढून कुठंतरी गेली, मी फळ्यावरून नजरही हलवली नाही. वर्ग सुटायची वेळ झाली तरी मी पोरांना सोडेना.

तेवढ्यात माडीवरच्या साखराबाई धाडधाड जिना उतरून आल्या.

"गुरुजी! 'आलोच' म्हणाले अन् इथं बसले व्हय? हे वर कपाट एका बाजूनं उचलून धरून उभे हायत!"

"कोण उभे आहेत?"

"आमचे मालक! मी फोन केला, जरा हात लावायला या म्हणलं. तुम्ही 'हाव, हाव' म्हणाले. म्हणून त्यांनी उचललं!"

मला हसू आवरेना. "साखराबाई, तो मी नव्हे, फोन बोलला."

"फोन तुमचाच की! मग फोनला पाठवा कपाट धरायला!"

दोन थोराड पोरांना मी वर पाठवलं. मास्तरकीची खोड वाईट. उरलेल्या पोरांना म्हणालो, "बघा बाळांनो, आता यंत्र निरोप कसं जपून ठेवतं ते ऐका." आणि आवाज मोठा करून निरोप लावले.

पहिला माझ्या मेव्हण्याचा, अर्धापूरच्या सुदामचा. "दाजी, केळीचा घड काढून ठेवलाय, न्यायला येता का? आं? येता? बरं, फाट्यावर थांबतो." पुढचाही त्याचाच. "दाजी, ऊन लई हाय. घडातली केळी खाऊन राहिलो. लवकर या, नाहीतर नुसता दांडा न्यावा लागंल!"

पोरं खिदळली. मीही खिदळलो.

पुढचा आवाज जाड होता. "गुरुजी, बजरंगराव बोलतोय. बस लवकर भेटली, आम्ही स्टँडवर उतरलो. येता ना? वा, वा! या."

माझं हसू जागच्या जागी थिजलं.

"गुरुजी, कुठवर आलात? ... आलोच? बरं."

"गुरुजी, मघापासून आलोच, आलोच! माणूस हायसा का पोपट?"

"पुन्हा लावा, गुरुजी!" पोरं ओरडली. मी चपलाही न घालता रस्त्याकडं पळालो. समोरून येणारा ऑटो अडवला आणि म्हणालो, "बसस्टँड! आभाळ फाटलंय!" ड्रायव्हरनं मान बाहेर काढून वर बघितलं. आभाळ निरभ्र होतं.

स्टँडवर बजरंगराव नव्हते. चहावाला म्हणाला, "ते जाड मिशीवाले? लई तापले होते. लातूरची बस विचारत होते. मग एक पोरगी स्कूटीवर आली अन् दोघांना घेऊन गेली."

"तिघं एका स्कूटीवर?"

"न्हाई. मिशीवाले मागं बसले. पोरगा ऑटोनं गेला."

मी आल्या पावली परतलो. अंगणात माझ्या खुर्चीवर बजरंगराव, शेजारी भारत आणि समोर माझा अख्खा वर्ग! पोरं पाहुण्यांना माझा व्हॉइसमेल लावून दाखवत होती. "हाव, हाव, आलोच!" फोन म्हणाला आणि नेमका त्याच क्षणी मी अनवाणी, घामाघूम, फाटकातून आत शिरलो.

"आले!" पोरं ओरडली.

बजरंगरावांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मी हात जोडले. 'आलोच' तेवढं म्हणालो नाही. त्या एका शब्दानंच तर घात केला होता!

शेवटी मिशी हलली. "गुरुजी, तुमची पोरगी फोन ठेवला की हजर. उन्हात आम्हाला पाणी दिलं, तुमच्या वतीनं माफी मागितली, खड्डे चुकवत घरी आणलं. मुलगी पसंत हाय." मग त्यांनी माझ्या अनवाणी पायांकडं बघितलं. "बापाचं चालवून घेऊ."

तारामतीनं डोळ्यांना पदर लावला. भारत खाली मान घालून हसला. पुनम चहाचा ट्रे घेऊन आली, तीही हसत होती. त्यांचं हसू बघून माझ्यातला मास्तर जागा झाला. भागाकार जुळत नव्हता, काहीतरी बाकी उरत होती.

"पुनम," मी हळूच विचारलं, "पाहुण्यांनी फोन तर मला केले. मग तुला कसं कळलं?"

"यांनी मला केला," ती म्हणाली. भारतला एकाएकी ठसका लागला.

"यांच्याकडं तुझा नंबर? कधीपासून?"

पुनमनं रिकामा ट्रे उचलला आणि आत जाता जाता गोड आवाजात म्हणाली, "हाव, अण्णा, आलेच!"

लग्नपत्रिका छापून आल्या. उत्तर द्यायला ती अजून आलेली नाही.