गेंड्याच्या नावावर

बाबा वारले, तेव्हा त्यांच्या ओढकामाच्या परवान्याची मुदत अजून शिल्लक होती. माणूस संपला आणि परवाना चालू आहे, ही स्थिती नियमात बसत नसल्याने थोड्याच दिवसांत कार्यालयाचे पत्र आले. परवानाधारकाने आपल्या निधनाची नोंद समक्ष येऊन करावी. ते शक्य नसल्यास वारसाने यावे व परवानाधारकाच्या अनुपस्थितीचे कारण सोबत आणावे.

वारस म्हणजे थोरली. तिच्या पाठीवर कोणी झाले नव्हते. पण बाबांनी ती पाळण्यात असतानाच तिला थोरली म्हणायला सुरुवात केली आणि पुढे शब्द फिरवला नाही.

ओढकाम म्हणजे खिंडीच्या पलीकडच्या चढावर बंद पडलेल्या गाड्या बांधून माथ्यावरून खाली गावात आणणे. ते करायला घरी एक जाडजूड पिकअप होता. रंग करडा, पुढे जाड लोखंडी बंपर, मागे आकडा आणि आवाज असा, की तो गल्लीत शिरला की कपाटातली भांडी एकमेकांशी बोलायला लागत. गावाने त्याचे नाव गेंडा ठेवले होते. बाबांचे गुडघे गेल्यापासून गेंडा थोरलीच चालवत होती. बाबा शेजारी बसत आणि जिथे ब्रेक नाही तिथे पाय दाबत.

परवाना तिच्या नावावर झाला तर गेंडा राहणार, नाही तर तो भंगारात जाणार, एवढा सरळ मामला होता. सरळ असल्यामुळेच तो कार्यालयात अडकला.

‘ओढकाम वाहने इंधन-मितव्यय व विश्वसनीयता मूल्यमापन कक्ष’ ही पाटी खोलीपेक्षा लांब असल्याने ती कोपऱ्यावरून वळून शेजारच्या भिंतीवर संपत होती. साहेब त्या वळणाखाली बसत.

“नवीन नियम आहे,” साहेब म्हणाले. “प्रत्येक गाडीला तारे. इंधनाचे आणि भरवशाचे मिळून. ओढकामाला किमान तीन पाहिजेत. बाकी गावात बहुतेकांना पाच मिळालेत. ॲव्हरेज काय देते तुमची?”

“रिकामी असली तर आठ. मागे मोटार असली तर चार. मागे बस आणि पुढे चढ असला तर किलोमीटरला किती लिटर, ते विचारा.”

साहेबांनी चष्मा काढला. “मग ओढता कशाला?”

“ओढायचीच गाडी आहे, साहेब.”

“ते तिचं काम झालं. मी तिच्या वागणुकीबद्दल विचारतोय.”

ओझे रोज वेगळे असते. एके दिवशी बस, एके दिवशी दुधाची गाडी. त्यामुळे ओझ्यासकट मोजणे अन्यायाचे ठरेल, असे तज्ज्ञांचे मत पडले होते. म्हणून ओढगाड्यांची चाचणी काही न ओढता घ्यायची. साखळ्या, दोर आणि जॅक हेही ओझेच, म्हणून तेही उतरवायचे. आकडा बोल्ट खोलून काढला गेला. जादा चाक काढले. शेवटी तपासनीस बाईंनी केबिनमध्ये डोके घातले.

“हे काय?”

“बाबांचा स्वेटर.”

“नियमानं ओझं आहे हो ते. काढावं लागेल.”

थोरलीने तो काढला, घडी घातली, मग घडी मोडली आणि अंगात घातला.

बाईंनी नियमावली चाळली. “अंगात असला तर चालतो,” त्या हळूच म्हणाल्या. “चालकाचं वजन धरत नाहीत.”

अशा रीतीने लग्नातून जेवण, वाजंत्री आणि नवरा-नवरी वजा करून लग्न किती स्वस्तात होते हे पाहावे, तसा गेंडा सपाट रस्त्यावर एकटाच पळाला आणि त्याने नाव काढले. अहवालात शेरा पडला : ‘सदर वाहन काहीही न ओढल्यास ओढण्यास अत्यंत योग्य.’

थोरलीला वाटले, सुटलो. पण अजून भरवसा मोजायचा होता.

“हे मात्र कठीण आहे,” साहेबांनी संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. “या तिमाहीत खिंडीत जेवढे बिघाड झाले, ते सगळे तुमच्या एका गाडीचे.”

“साहेब, ती बिघडलेल्यांना आणते!”

“कॅमेरा माथ्यावर आहे. गाडी थांबली, किंवा दोन गाड्या एकमेकींना धरून हळूहळू आल्या, की तो बिघाड धरतो. जिचा नंबर दिसला, तिच्या नावावर. पुढे कोण असतं?”

“गेंडा.”

“आणि मागचीचा नंबर?”

“गेंड्याच्या आड.”

“झालं तर.”

“म्हणजे डॉक्टरकडे रोज आजारी माणसं येतात, म्हणून डॉक्टरच आजारी?”

“तसा कॅमेरा आम्ही दवाखान्याला अजून दिलेला नाही,” साहेब गंभीरपणे म्हणाले आणि सूचना टिपून घेतली.

चोर सोडून संन्याशाला फाशी, असे थोरली म्हणणार होती. पण पडद्याकडे बघता बघता तिच्या लक्षात आले, की या कथेत चोरसुद्धा समाधानी आहेत. ज्यांना बाबांनी वर्षानुवर्षे ओढून आणले, त्या सगळ्या गाड्यांच्या नोंदी धुतल्या तांदळासारख्या होत्या. पाच तारे! विम्यात सूट, बाजारात गाडी लावायला सावलीची जागा आणि काचेवर सोनेरी चकती. सगळ्या गावाचे बिघाड एकट्या गेंड्याच्या नावावर जमा होते.

“उपाय आहे,” साहेब म्हणाले. “ज्यांना ओढलंत, त्यांनी दोन ओळी लिहून द्यायच्या. त्या दिवशी माझी गाडी बिघडली होती, म्हणून. तेवढा बिघाड तुमच्यावरून त्यांच्यावर जाईल.”

“एवढंच?”

“एवढंच,” साहेब म्हणाले आणि तिच्याकडे अशा नजरेने पाहिले, की तिला पहिल्यांदा त्यांच्यात माणूस दिसला.

थोरली आधी शेजारी गेली. शेजारी दातांचे डॉक्टर राहत. त्यांचाही पिकअप होता, गेंड्याहून हातभर उंच. मागे आकडा होता आणि त्याला धूळ लागू नये म्हणून चामड्याची टोपी शिवून घेतली होती. त्यातून आजवर बागेतल्या दोन खुर्च्या तेवढ्या गेल्या होत्या. बाबांनी तो दोनदा खिंडीतून ओढून आणला होता.

“बाबा म्हणजे देवमाणूस गं!” डॉक्टरांचा आवाज खरोखर भरून आला. “रात्र म्हटली नाही, पाऊस म्हटला नाही. माझी गाडी दोनदा…”

“बिघडली होती.”

“विसावली होती,” डॉक्टर म्हणाले. “बिघडली म्हणणं जरा टोकाचं होईल.”

शाळेच्या बसचे मालक म्हणाले, की बस थांबली होती ती मुलांना देखावा दाखवायला. बाबा होते म्हणून तो दोरासकट बघता आला. दूधवाल्या काकूंनी तिला पोटाशी धरले, “माझा पाठचा भाऊ गेला गं,” म्हणून रडल्या आणि बळेबळे खाऊ घातले. कागद पुढे आला तेव्हा त्यांनी पदराने डोळे पुसले. “थोरले, तुझ्यापाशी काय लपवायचं? तारे गेले तर लोक म्हणतील, दूधच नासकं. बाबा असते, तर त्यांनी मागितलंच नसतं बघ.”

हे मात्र खरे होते.

संध्याकाळपर्यंत थोरलीकडे पोटभर चहा आणि उरभर सांत्वन जमले. सही एकही नाही. बाबांसाठी रडणारी एवढी माणसे आहेत, हे पाहून तिला बरेही वाटले. घरी परतण्याआधी ती खिंडीत गेली, माथ्यावर एके जागी तिने गेंडा कडेला घेतला आणि काही न करता थोडा वेळ बसून राहिली. कॅमेऱ्याने तेही टिपले : बिघाड.

पुढचा आदेश तर्काला धरूनच होता. गावातल्या सर्व गाड्या निर्दोष असून बिघाड करणारे वाहन एकच आहे; सबब ते हटवल्यास गाव बिघाडमुक्त होईल. गेंड्याला खिंडीपलीकडच्या भंगारखान्यात पोचवावे. तो अविश्वसनीय असल्याने त्याने स्वतः चालत जाऊ नये. पाच ताऱ्यांच्या वाहनाने ओढून न्यावे. ‘आदर्श ओढवाहन’ म्हणून दातांच्या डॉक्टरांचा पिकअप निवडण्यात आला. आजवर काहीही ओढताना न बिघडलेला तो एकमेव होता.

त्या दिवशी आकड्यावरची चामड्याची टोपी कात्रीने कापावी लागली. ती निघण्यासाठी शिवलेलीच नव्हती. साहेब पाहणीसाठी डॉक्टरांशेजारी बसले. थोरली मागे गेंड्यात, स्टिअरिंगवर. आई दारात आली. “सांभाळून जा,” म्हणाली. ते कोणाला म्हणाली, कळले नाही. बघत गेंड्याकडे होती.

सपाटीवर छान चालले. चढ लागला, तसा पुढचा पिकअप गुरगुरला, मग कण्हला. जळक्या क्लचचा वास आला, बोनेटमधून पांढरा धूर निघाला आणि आदर्श ओढवाहन जागच्या जागी थबकून हळूहळू मागे येऊन गेंड्याच्या बंपरला टेकले. मागे गाड्यांची रांग लागली, हॉर्न वाजू लागले. डॉक्टर खिडकीतून डोके काढून ओरडले, “गडबड करू नका! गाडी जरा विचार करतेय!”

थोरलीने क्षणभर शेजारच्या रिकाम्या सीटकडे पाहिले. मग किल्ली फिरवली, पहिला गिअर टाकला आणि ढकलायला सुरुवात केली.

दोर सैल पडला. पुढे डॉक्टर आणि साहेब, मागून गेंडा, अशी वरात माथ्यावर पोचली. कॅमेऱ्याने नेहमीप्रमाणे पुढच्याचा नंबर टिपला. डॉक्टरांचा एक तारा जागीच गळाला आणि साहेबांच्या फोनवर तशी सूचना वाजली.

साहेब खाली उतरले. त्यांनी सारा प्रकार समक्ष पाहिला होता. पण समक्ष पाहिलेले ग्राह्य धरण्याचे कलम नव्हते. “पाच ताऱ्यांच्या वाहनाने न्यावे, असा आदेश आहे,” ते म्हणाले. “याचे आता चारच. नेता येत नाही.”

“मग आता?”

“आता परत.”

“कसं?”

साहेबांनी धूर सोडणाऱ्या गाडीकडे पाहिले, गेंड्याकडे पाहिले आणि मुकाट्याने गेंड्यात जाऊन बसले.

त्या दिवसापासून थोरलीने ओढणे सोडले. गेंड्याच्या बंपरला जुना टायर बांधला आणि बंद गाड्या मागून ढकलत माथ्यापार नेऊ लागली. पुढे उतारावर त्या आपल्या वजनानेच गावात येत. नवी तिमाही लागली, तेव्हा तिने पुन्हा अर्ज केला. गेंड्याच्या नावावर एकही बिघाड नव्हता. ढकलणे म्हणजे ओढणे नव्हे, म्हणून ओझेही शून्य. परवाना तिच्या नावावर झाला. साहेबांनी शिक्का मारला आणि खाली मान घालून म्हणाले, “तुमचे बाबा मलाही एकदा आणायला आले होते.”

“काय झालं होतं गाडीला?”

साहेब बराच वेळ शिक्का पुसत राहिले.

आता गावाचे तारे गळू लागले. दूधवाल्या काकूंचे तीनवर आले, शाळेच्या बसचे दोनवर. सावलीच्या जागा रिकाम्या पडल्या. एका संध्याकाळी मंडळी घरी आली, डॉक्टरांना पुढे करून.

“थोरले, पहिल्यासारखं पुढून ओढ ना,” डॉक्टर म्हणाले. “ढकलणं बरं दिसत नाही. बाबा असे नव्हते गं.”

“नव्हतेच,” आई आतून बाहेर येत म्हणाली. “सगळ्यांचं आपल्या अंगावर घ्यायचे. आम्हीसुद्धा घेऊ दिलं. हिला नाही जमायचं ते. चहा घेणार का?”

चहा सगळ्यांनी घेतला.

थोरली अजून खिंडीत जाते. ऊन असो, पाऊस असो, फोन आला की निघते. अट एकच. फोनवर आधी म्हणायचे : माझी गाडी बिघडली. लिहून द्यायचे नाही, सही नाही, साक्षीदार नाही. ऐकायला ती एकटी.

लोक म्हणतात, गाडी थकलीय. रस्ताच खराब आहे. पेट्रोल भेसळीचे होते. मागच्याने हॉर्न वाजवला म्हणून दचकली. थोरली फोन कानाला धरून शांतपणे थांबते. गेंडा सुरू करत नाही. काहीजण त्या चढावर तासन्‌तास बसून राहतात, काचेवरची सोनेरी चकती पुसत.

तुम्हीही कधी त्या वाटेने जालच. तुमची गाडी उत्तम आहे, त्यात शंका नाही. तुम्हीही उत्तमच आहात. तरी वाक्य फक्त तीन शब्दांचे आहे. आत्ताच एकदा मोठ्याने म्हणून बघा. घरात कोणी असेल, तर आधी दार लावून घ्या.