चाक नसलेली माणसं

रोड टेस्टमध्ये सहाव्यांदा नापास झालेला माणूस गाडीत बसल्याबरोबर काय म्हणेल? आमचे सबनीस म्हणाले, "आमच्या लोकांनी चाकाशिवाय शहरं उभी केली, देसाईसाहेब. आपलं काय अडलंय?"

'आमचे लोक' म्हणजे सबनीसांचे कोल्हापूरकडचे नातेवाईक नव्हेत. माया, अ‍ॅझ्टेक आणि त्यांच्याही आधीचे ओल्मेक. तिकडे मेक्सिकोकडचे. चाक त्या मंडळींना ठाऊक होतं, पण त्यांनी ते फक्त मातीच्या खेळण्यांना लावलं. पहिल्यांदा नापास झाल्यावर सबनीसांच्या हे कुठेतरी वाचनात आलं आणि त्यांनी अख्ख्या खंडाला दत्तक घेतलं.

आम्ही दोघं दुबईत, अल मनखूलला एकाच बिल्डिंगमध्ये राहतो आणि उम्म अल कुवैनच्या एकाच रंगाच्या कारखान्यात जातो. ते लॅबमध्ये, मी परचेसला. गाडी माझी, प्रवचन त्यांचं. शारजा यायच्या आत ओल्मेकांनी माणसापेक्षा उंच दगडी डोकी घडवलेली असत, अजमानला मायांना शून्य सापडे आणि कारखान्याच्या गेटवर अ‍ॅझ्टेक तळ्यात शहर बांधायला घेत. "शून्य आपलं ना?" असं मी एकदाच म्हणालो. पुढचे तीन दिवस येता-जाता शून्यच चालू होतं.

दुपारी डब्यांची तपासणी. "मिरची? आमच्या लोकांची. टोमॅटो? त्यांचाच. मका, चिकू, सगळं तिकडचं."

"तो सबनीस साब, उनको बोलो, आज नमक कम है," आमचा फोरमन कुट्टी शांतपणे म्हणायचा.

घरी सबनीसांचं ऐकायला कोणी नव्हतं. वहिनी आईच्या आजारपणासाठी दोन वर्षं नाशिकला. मुलगा कॅनडात, 'ओल्मेक' म्हटलं की त्याची मीटिंग सुरू होते. राहिलो मी. ते पास व्हावेत म्हणून मी गणपतीला नवस बोललो होतो, आणि ते त्यांच्यापासून लपलेलं नव्हतं. "लायसन्स आलं की सुटलात तुम्ही, इन्शाल्ला," ते स्वतःच म्हणत. मग टेस्ट होई, "खलास, परत फेल" असा फोन येई, आणि माझी बायको हळहळून त्यांच्याकडे शिरा पाठवी. शिरा त्यांना, ओल्मेक मला.

गेल्या महिन्यात परत येताना शारजाजवळ मला गरगरायला लागलं. कशीबशी गाडी कडेला घेतली. सबनीस उतरले, वळसा घालून आले आणि त्यांनी माझ्या बाजूचं दार उघडलं.

"सरका."

"अहो, लायसन्स नाही तुम्हाला."

"सरका म्हणतो ना."

आणि गाडी अशी चालली, की पोटातलं पाणी हलू नये. लेन बदलण्याआधी इंडिकेटर, दर मिनिटाला आरशात नजर. मायांचं नावसुद्धा नाही. बिल्डिंगच्या बेसमेंटमध्ये खांब आणि कुणाच्या तरी भल्यामोठ्या जीपच्या मधल्या जागेत, जिथे मला तीनदा मागेपुढे करावं लागतं, तिथे एका झटक्यात गाडी रिव्हर्समध्ये लावली. इंजिन बंद केलं, पाकिटातून कार्ड काढलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. तारीख सात महिन्यांपूर्वीची. चौथ्या टेस्टलाच गडी पास. पाचवी, सहावी झालीच नव्हती.

"आणि तो शिरा?" मी विचारलं.

"खाल्ला." मग स्टिअरिंग पुसायला लागले. "देसाईसाहेब, लायसन्स आल्यावर तुमच्या गाडीत बसायला काय कारण सांगणार होतो?"

दोन दिवसांनी बरा होऊन मी खाली आलो, तर सबनीस डबा घेऊन फुटपाथवर टॅक्सीची वाट बघत उभे. मी गाडी त्यांच्यासमोर थांबवून पलीकडचं दार उघडलं. "यल्ला."

ते बसले. शारजा आलं, गेलं. अजमानही गेलं. ना दगडी डोकी, ना शून्य. शेवटी मीच विचारलं, "काय हो, एवढी शहरं बांधली, मग मायांनी ती सोडली का?"

त्यांनी एकदा माझ्याकडे नीट पाहून घेतलं.

"एकदम नाही सोडली," ते सावकाश म्हणाले. "पाऊस हटला, लढाया झाल्या. एकेक घर उठत गेलं. लोक काय म्हणतात, एका रात्रीत गायब झाले. तसं नसतं हो. काही जण मागे राहिले, बरीच वर्षं. त्या एवढ्या मोठ्या चौकात चार-दोन चुली पेटत होत्या."

कारखान्याचं गेट आलं होतं. मी तसाच पुढच्या चौकापर्यंत गेलो आणि वळसा लांबून घेतला.