मागचे पाटे बसेपर्यंत

दि. २० जुलै, रविवार. आभाळ गच्च. पहाटेपासून झड, वारा अजिबात नाही.

एवढं लिहून मी रोज वही मिटतो. त्या दिवशी खाली आणखी एक ओळ लिहिली : ‘जीपचे मागचे पाटे उचलून घेतले. काम उत्तम झालं.’ यातलं दुसरं वाक्य मी जरा घाईत लिहिलं.

माझ्याकडे एक जुनी जीप आहे. सेनगावहून आमच्या शेताकडे जाताना वाटेत एक नाला लागतो आणि नाल्यात एक दगड आहे. जाता-येता जीपचं पोट त्या दगडाला घासायचं. आता यावर दगड काढून टाकणं हा एक उपाय होता. (वासंतीने, म्हणजे माझ्या बायकोने, तो सुचवलाही होता. “थावराभाऊंना सांगा, ट्रॅक्टरने ओढून टाकतील,” असं ती दोन पावसाळे म्हणत होती.) पण मला मोबाइलवर व्हिडिओ पाहायची सवय लागली होती. त्यात जीपा कड्यावर चढत, ओढ्यातून निघत आणि शेवटी एक गॉगलवाला माणूस बोनेटवर बसून चहा पीत असे. दगड काढून टाकल्यावर बोनेटवर बसण्यात काय अर्थ?

म्हणून मी हिंगोलीला बालाजी मिस्त्रीकडे गेलो. त्याने मागच्या चाकांवरच्या पाट्यांत, म्हणजे पोलादी पट्ट्यांची जी वाकडी चवड असते तिच्यात, दोन जाड पट्ट्या आणखी घातल्या. गाडी मागून अशी उचलली गेली की बसलेली म्हैस उठताना आधी मागचे पाय सरळ करते आणि पुढच्या गुडघ्यांवर क्षणभर विचार करत थांबते, तशी दिसू लागली. म्हैस पुढे उठते. आमची जीप विचारच करत राहिली. हेडलाइट लावले की उजेड थेट पुढच्या चाकांशी पडे.

“हे पैसे शेडमध्ये मुरूम टाकायला ठेवले होते ना?” वासंती म्हणाली. आमची जीप घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी असते. खाली काळी माती.

“मुरूम काय, दिवाळीनंतरही टाकता येतो,” मी म्हणालो.

खरी अडचण पुढच्या रविवारी आली. सासूबाईंना, म्हणजे शकुंतलाबाईंना, श्रावणासाठी आणायला मी हट्ट्याला गेलो. वय वर्षं अठ्ठ्याहत्तर, वजन जेमतेम. नव्या पाट्यांना त्या गाडीत आहेत की नाहीत हे कळलंही नसावं. रस्त्यावर साधी चिंच पडलेली असली तरी त्या हातभर वर जात होत्या. औंढ्याजवळ नागनाथाच्या दिशेने त्यांनी भक्तिभावाने हात जोडले, तेवढ्यात गतिरोधक आला आणि जोडलेले हात हुडाच्या दांडीला लागले. घरी उतरवायला स्टूल आणावं लागलं.

“जावईबापू,” त्या कंबर धरून म्हणाल्या, “गाडी चांगली आहे. पण तिला मी आवडले नाही.”

रात्री जेवताना त्या हळूच म्हणाल्या, “शेवटच्या श्रावण सोमवारी औंढ्याला जाऊन यायचं होतं. हे होते तेव्हा एक वर्ष चुकलं नाही. आता पुढच्या श्रावणाचं कोण सांगावं?”

वासंतीने माझ्याकडे नुसतं पाहिलं. (बोलली असती तर मला उत्तर तरी देता आलं असतं.) मी जाहीर केलं, “मामी, त्या सोमवारी तुम्हाला मी नेणार. याच जीपमधून. पाळण्यात बसल्यासारखं वाटेल.”

दुसऱ्या दिवशी बालाजीला फोन लावला.

“मिस्त्री, गाडी उडून राहिली.”

“नवे पाटे हायेत साहेब. कडकच राहणार. बसतील हळूहळू.”

“हळूहळू चालणार नाही. घरात सासूबाई आहेत.”

“मंग वजन टाका ना मागं. भरपूर वजन टाका आन् फिरवा. नवी चप्पल चावत न्हाई का? वापरली की बसते. तसंच.”

चप्पल मला पटली. फिरवण्याचं मात्र तितकंसं पटलं नाही. ओल्या रस्त्यावर भरलेली गाडी कशाला फिरवायची? वजन म्हणजे वजन, उभ्या गाडीतही ते खालीच दाबणार. मी स्वतः कचेरीत एकाच खुर्चीवर नोकरी काढली आहे. त्या खुर्चीचे स्प्रिंग बसायला ती कुणी हिंगोलीपर्यंत फिरवून आणली नव्हती.

वजनाचा प्रश्न थावराने सोडवला. थावरा तांड्यावरचा, आमच्या शेताला त्याचं शेत लागून आहे. भाव वाढेल म्हणून त्याने हळद ठेवून दिली होती आणि त्याच्या घराचे पत्रे गळत होते.

“वजनच पायजे न सायेब? माझी हळद ठेवा गाडीत. तुमचे पाटे बसतील, माझा माल कोरडा ऱ्हाईल.”

“किती पोती?”

“मावतील तेवढी. फकस्त गाडी भाईर काढू नका. हळद भिजली की मंग मी कुठं जाऊ?”

म्हणजे गाडी फिरवणं तसंही बाद झालं. मला बरंच वाटलं.

पोती भरण्याआधी मी शेडच्या भिंतीवर, मागच्या बंपरच्या खालच्या कडेला जुळवून, पेन्सिलने एक बारीक रेघ मारली. मग थावराने आणि मी मिळून बारा पोती चढवली. गाडी खाली आली. हे अपेक्षितच होतं. पण रोज सकाळी मी टेप घेऊन जाई, तेव्हा ती आणखी थोडी खाली आलेली असे! झड चालूच होती, शेडमध्ये सगळीकडून ओल येत होती, हळदीच्या वासाने चहासुद्धा पिवळा लागत होता, आणि माझे पाटे मात्र शहाण्यासारखे बसत होते.

“अहो,” वासंती एकदा शेडच्या दारातून म्हणाली, “मागची चाकं लहान झाल्यासारखी वाटताहेत.”

“वजनाने टायर दबतात,” मी समजावून सांगितलं.

“एवढे?”

“बारा पोती आहेत, वासंती.”

“आणि मुरूम टाकला असता तर—”

“पाट्यांचा आणि मुरुमाचा काय संबंध?” मी जरा जोरातच विचारलं. (हे वाक्य तिने नीट लक्षात ठेवलं.)

सासूबाईही येऊन पाहून गेल्या. मागच्या पायरीवर त्यांनी सहज पाय ठेवून दाखवला. “पोचतो हो! स्टूल नको आता.” त्यांचा चेहरा असा खुलला की मी त्या दिवशी कचेरीत दोघातिघांना पाटे बसवण्याची पद्धत फुकट समजावून सांगितली.

शेवटच्या सोमवारच्या आदल्या दिवशी थावराने पोती उतरवून नेली. गाडी थोडी वर आली. मी टेप लावली. रिकाम्या गाडीचा बंपर पहिल्या रेघेच्या साडेचार इंच खाली! मी वासंतीला बोलावून मोजून दाखवलं. तिने मान हलवली. ती वाकून चाकांकडे पाहत होती, पण मी तिला उजेडातून बाजूला व्हायला सांगितलं.

सोमवारी सकाळी सासूबाई बेलाची पिशवी मांडीवर घेऊन मागे बसल्या. मी किल्ली फिरवली. इंजिन लागलं. गिअर टाकला. गाडी हलली नाही. जोर दिला. मागून चिखलाचा एक फवारा उडाला आणि पाठोपाठ वासंतीचा आवाज आला. काय झालं ते बघायला ती नेमकी मागे जाऊन उभी राहिली होती, दर्शनाला जायची साडी नेसून.

मी उतरलो. मागची दोन्ही चाकं काळ्या मातीत रुतली होती, आणि नीट, एकसारखी रुतली होती. जितकी रुतली होती तितकेच माझे पाटे बसले होते.

वासंती साडी बदलायला आत गेली. सासूबाई आपल्या आपण खाली उतरल्या.

“उतरायला मात्र काही तकलीफ झाली नाही हो,” त्या म्हणाल्या. “एसटी मिळेल ना आता?”

“मामी, एसटीने? तुमची कंबर—”

“कंबर तुमच्या गाडीत दुखली होती. एरवी हट्ट्याहून परभणीला मी एसटीनेच जाते-येते.”

“मग आधी का नाही बोललात?”

“तुम्ही रोज उठून एवढ्या हौसेने भिंत मोजत होतात. मोडवेना.”

मायलेकी रिक्षाने स्टँडवर गेल्या. मी थावराला फोन केला. तो ट्रॅक्टर आणि साखळी घेऊन आला, शेडमध्ये वाकला, आणि बराच वेळ वर बघेना. त्याचे खांदे हलत होते.

“सायेब, गाडी काहून पेरली?”

“थावरा, साखळी लाव.”

“लावतो की. पर पाऊस बराबर झालाय, दोन दिस थांबले असते तर कोंब आला असता.”

साखळी ताणली गेली. चिखलाने एक लांब उचकी दिली, जीप बाहेर आली आणि मोकळ्या जागेत येताच तिने मागचा भाग पूर्वीसारखा उचलला. विचार करणारी म्हैस.

“उगवली!” थावरा म्हणाला.

ट्रॅक्टर आणि साखळी आलेलीच होती, म्हणून जाता जाता त्याने नाल्यातला दगडही ओढून काठावर टाकला. त्याला फार वेळ लागला नाही, असं त्याने फोनवर सांगितलं.

संध्याकाळी मायलेकी परतल्या. एसटीत दोघींना बसायला जागा मिळाली होती आणि दर्शनही छान झालं होतं. सासूबाईंनी माझ्या कपाळाला अंगारा लावला, मग थोडा जीपला. वासंतीने प्रसाद हातावर ठेवत विचारलं, “अहो, पाट्यांचा आणि मुरुमाचा काय संबंध हो?”

मी वही उघडली.

दि. १८ ऑगस्ट, सोमवार. दुपारनंतर उघाड. हलका वारा. मामींचं औंढ्याचं दर्शन झालं, एसटीने. नाल्यातला दगड काढला. मुरुमाची एक ट्रॉली सांगितली. बंपरची उंची डांबरी रस्त्यावर मोजली. पाटे तसूभरही बसलेले नाहीत. शेडमधली जमीन साडेचार इंच बसली.