दुर्गाप्रसादची जीभ संपावर जाते

सालेकसा तालुक्यात लग्न असो की बारसं, खिरीचा भलामोठा पातेल्यासारखा गंज चुलीवरून उतरायचा तो दुर्गाप्रसाद बिसेनने चव पाहिल्यावरच! बाकीच्यांनाही जिभा होत्या, पण त्या नुसत्या बोलायला. चव कळणारी जीभ पंचक्रोशीत एकच, असं खुद्द दुर्गाप्रसाद सांगायचा. इतकं ठासून सांगायचा की वाद घालण्यापेक्षा मान डोलावलेली बरी, असं लोकांनी ठरवून टाकलं होतं.

आणि नेमकी या गोडखाऊ माणसाच्या सुनेला, उर्वशीला, गरोदरपणात साखर निघाली! गोंदियाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "खाणं सांभाळा, जेवल्यावर फिरा, घरी मशीनवर तपासत राहा. पंधरा दिवसांनी पाहू. साखर आटोक्यात नसली तर इन्सुलिनचं इंजेक्शन सुरू करू."

उर्वशी शांत होती. झोप उडाली ती सासऱ्याची! डॉक्टर म्हशीला सुई टोचायला आला तरी हा गडी डोळे मिटून घ्यायचा. इथे तर लाडकी सून आणि तिच्या पोटात पहिलं नातवंड. काहीतरी केलंच पाहिजे!

चौदाव्या दिवशी त्याने मोबाईल उघडला. झाडपाल्यातल्या कुठल्या कुठल्या घटकांवर गरोदर बायांच्या साखरेसाठी संशोधन चाललंय, असं एक चष्मेवाला सांगत होता. त्यात गुडमार या रानवेलीचं नाव आलं. पुढचं ऐकायला थांबतो तो दुर्गाप्रसाद कसला! गाडीला किक मारली आणि थेट दरेकसा गाठलं. तिथल्या जंगलातला ताजा पाला पिशवीभर घेऊन तो घरी आला, तो लढाई जिंकल्याच्या थाटात गुडमारचे गोडवे गात.

घरी त्या दिवशी उर्वशीची गोदभराई होती. अंगणात बायांचा गलका, चुलीवर तांदळाची खीर. उर्वशीसाठी मात्र भाकर आणि मेथीची भाजी वेगळी. आपल्याच घरात सून गोडाचा घास न घेता उठणार, हे दुर्गाप्रसादला फार लागलं होतं.

"घे पोरी, चावून खा. साखर खल्लास!"

"बाबूजी, मी आत्ताच डॉक्टरीणबाईले फोन केला. त्या म्हणतात, हे संशोधन जास्त करून उंदरावरच होऊन राहिलं. पोटुशीनं असा पाला खायचा नाई."

"अवो, पण..."

"मी उंदीर आहो का?"

बायका फिदीफिदी हसल्या. दुर्गाप्रसादचा चेहरा पडला.

"साधा रानचा पाला हाय! काय करन तो? पाह्य, मीच खाऊन दाखवतो!" म्हणत त्याने मूठभर पाला तोंडात कोंबला आणि बकरीसारखा चावला. त्याचा जिवलग दोस्त दुधराम शेजारीच उभा होता. दोस्ताला एकटं कसं सोडायचं? त्यानेही मूठभर खाल्ला. कडू जहर! दोघांनी तोंडं वाकडी केली, पण कबूल कोण करतो!

तेवढ्यात दुर्गाप्रसादच्या बायकोने, मुन्नीबाईने, चुलीपासून हाक मारली, "अवो, चव पाहून जा!"

दुर्गाप्रसादने ऐटीत चमचाभर खीर जिभेवर ठेवली. काहीच नाही! नुसता भात आणि दूध.

"साखर काऊन नाई टाकली?"

"टाकली ना! मी चाखली. चांगली गोड हाय."

"तुही जीभ बिघडली. दुधराम, तू पाह्य."

दुधरामने चाखली. "नाई बा. फिकी हाय."

दोन जिभा विरुद्ध एक! दुर्गाप्रसादने साखरेचा डबा गंजात रिकामा केला. ढवळलं, चाखलं. तरी तेच! मग पोत्यातून परातभर साखर आणून ओतली. मुन्नीबाई ओरडत राहिली, आणि तो वाट्यामागून वाट्या चाखत राहिला. त्याला काही उमजेना. शेवटी त्याने कोरी साखर तोंडात टाकली. रेती! चक्क रेती!

"गुलाबचंदनं फसवलं!" तो कडाडला आणि दुधरामला घेऊन किराणा दुकानावर धावला.

गुलाबचंदने साखर चाखली. "मीठी तो है, दाऊ!"

दुर्गाप्रसादने गूळ खाल्ला. माती. पेढा खाल्ला. शेण. एका बरणीतल्या लिमलेटच्या गोळ्या संपवल्या. खडे! दुधरामच्या डोळ्यांत पाणी आलं. "गड्या, दुनियेतली साखरच मेली का बे?"

गुलाबचंद दोन पावलं मागे सरकला. "मुँह का स्वाद गया? दोनों का? अरे बाप रे, कोरोना!" आणि त्याने धाडकन शटर पाडलं.

ही बातमी दोघांच्या आधी घरी पोचली. अंगणातल्या बायांनी नाकाला पदर लावले होते. दुर्गाप्रसादला कळेना, आपल्याला रोग झालाय, बायकोला झालाय, की साखरेला! मात्र एक गोष्ट त्याच्या डोक्यात लख्ख पडली. ज्या खिरीत गोडवाच नाही, ती खाऊन साखर वाढणार कशी?

"पोरीले खीर वाढा!" त्याने फर्मान सोडलं. "बिनधास्त वाढा! यात गोडाचा पत्ताच नाई!"

मुन्नीबाई चहा करायला घरात गेली होती. उर्वशीने विचार केला, सासऱ्याची जीभ कधी चुकत नाही. एवढी हौस आहे तर एक घास घेऊ. तिने चमचा उचलला.

समोर दुर्गाप्रसादही खीर चिवडत बसला होता. आणि जिभेच्या टोकाला काहीतरी हललं. किंचित गोड. मग बरंच गोड. मग एवढं गोड, एवढं गोड, की दात शिवशिवले, कान गरम झाले!

"थांब वो पोरी!!"

त्याने झेप घेतली. चमचा उडाला, वाटी उडाली आणि खीर दुधरामच्या टकलावरून ओघळली. दुधरामने ती बोटाने चाटली. "अगा बाप्पा! पाक हाय हा!"

उर्वशीने घाबरून सासऱ्याच्या मोबाईलवर तोच व्हिडिओ लावला. त्याने न ऐकलेल्या भागात चष्मेवाला शांतपणे सांगत होता, की गुडमारचं पान चावलं की काही वेळ जिभेला गोड लागतच नाही. अंगणात जो हशा पिकला, तो काही आवरेना!

दुर्गाप्रसाद मात्र हसत नव्हता. तो तांब्यामागून तांब्या पाणी पीत होता, डोळ्यांपुढे अंधारी येत होती. उर्वशीने त्याला हात साबणाने धुवायला लावले, त्याने डोळे गच्च मिटले आणि तिने बोटाला टोचलं. मशीनवरचा आकडा पाहून तिचंच हसू पळालं.

दुसऱ्या दिवशी सगळे गोंदियाला. डॉक्टरीणबाईंनी उर्वशीचं कौतुक केलं. साखर आटोक्यात, इंजेक्शनची गरज नाही! दुर्गाप्रसादला एवढा आनंद झाला की डोळे भरून आले. मग बाईंनी त्याच्या रक्ताचा, तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारा रिपोर्ट पाहिला. पाहतच राहिल्या.

"काका, ही काही कालच्या खिरीची साखर नाही. तुमचा मधुमेह बराच जुना दिसतो. इन्सुलिन आजपासूनच सुरू करू."

दुर्गाप्रसाद खुर्चीतच वितळला. "अन् पोरीची साखर?"

"तिची बहुतेक बाळंतपणानंतर उतरेल. अशीच काळजी घेतली म्हणजे झालं."

बुडत्याला काडी दिसावी तसा त्याचा चेहरा उजळला. "मंग माही कवा उतरन, बाई?"

डॉक्टरीणबाईंनी तोंड उघडण्याआधीच मागून मुन्नीबाई म्हणाली, "तुमचं बाळंतपण झाल्यावर!"